उजळणीच्या तासाला बोलायचं कुणी?

वाचक शिक्षिकेचं पत्र:

“मी इचलकरंजीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी कला शाखेला इंग्रजी शिकवते. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं, जवळजवळ सगळी मराठी माध्यमातून आलेली. बरीच जण कॉलेज सुटल्यावर यंत्रमागावर पाळी करतात. अभ्यासक्रम नाताळाच्या आधीच संपवला आणि तेव्हापासून उजळणी घेते आहे. रोज एक कविता पुन्हा समजावून सांगते, व्याकरणाचे नियम फळ्यावर पुन्हा लिहिते, उत्तरं उतरवून देते. मुलं माना डोलावतात, ‘समजलं मॅडम’ म्हणतात. गेल्या आठवड्यात न सांगता सराव चाचणी घेतली आणि पेपर तपासताना रडू आलं. ‘नो सूनर’चा नियम तोंडपाठ, वाक्य मात्र चुकलेलं. एका मुलीने विणकरांच्या कवितेच्या रसग्रहणाखाली खडकावरच्या घंटेच्या कवितेचं रसग्रहण उतरवलं. शब्दन् शब्द बरोबर, कविताच वेगळी. प्राचार्य म्हणतात, कवितेत वेळ घालवू नका, व्याकरण घ्या आणि अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून घ्या. पाच आठवडे उरलेत. कविता सोडून देऊ का?”

नमस्कार मॅडम,

कविता सोडू नका. ते आधी सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तो नाहीच. तुम्ही काय काय करता ते तुम्हीच लिहिलंय: समजावून सांगते, फळ्यावर लिहिते, उतरवून देते. तासाची सगळी मेहनत तुमची. मुलांच्या वाट्याला मान डोलावणं एवढंच काम उरतं, आणि ते काम ती मनापासून करतात.

आमच्या घरी ‘उजळणी’ नावाचं एक पातळसं पुस्तक होतं, पाढ्यांचं. दिवेलागणीला आजोबा आम्हा भावंडांना पुढ्यात बसवून पाढे म्हणवून घ्यायचे. ते स्वतः एकही पाढा म्हणत नसत. सतरा सकला अडलो की ते गप्प बसायचे. ती शांतता मला आजही आठवते, आणि सतरा सक एकशे दोन हे त्या शांततेतच पक्कं झालं. आमच्या घरात उजळणीचा अर्थ हाच होता, मुलाकडून म्हणवून घेणं. पुढे वर्गात कधीतरी तिचा अर्थ ‘शिक्षकाने दुसऱ्यांदा सांगणं’ असा झाला. मीही नोकरीची पहिली कित्येक वर्षं तसंच केलं आणि पेपर तपासताना तुमच्यासारखीच हबकून गेले.

आजोबांच्या त्या गप्प बसण्याला अभ्यासाचा आधारही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाटत होता तो नुसतं वाचणाऱ्यांना! तुमची मुलं ‘समजलं मॅडम’ म्हणतात तेव्हा खोटं बोलत नाहीत. त्या पाच मिनिटांपुरतं त्यांना समजलेलंच असतं.

तेव्हा पहिला बदल असा करा. तास सुरू झाला की वह्या-पुस्तकं दप्तरात आणि प्रत्येकाच्या पुढे एक कोरा कागद, पाठकोरा असला तरी चालेल. फळ्यावर फक्त कवितेचं नाव लिहायचं. दहा मिनिटांत आठवेल ते लिहायचं, इंग्रजीत नाही आलं तर मराठीत. चित्र काढलं तरी चालेल. या दहा मिनिटांत तुम्ही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मे कागद कोरे राहतील, मुलं एकमेकांकडे बघतील आणि तुम्हाला खडू उचलायचा मोह होईल. तो आवरा. दहा मिनिटांनी पुस्तक उघडायला सांगा आणि जे सुटलं ते वेगळ्या शाईने त्याच कागदावर भरू द्या. दुसऱ्या शाईत दिसतं ते त्या मुलाचं राहिलेलं काम. ऐंशी कागद तपासायची गरज नाही, बाकावरच्या शेजाऱ्याने बघितलं तरी पुरे. तीच कविता दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. प्रत्येक वेळी दुसरी शाई कमी होत जाते आणि ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

आता व्याकरण की कविता. ही भांडणं मला कधीच पटली नाहीत, कारण चांगल्या कवितेत व्याकरण नुसतं वापरलेलं नसतं, ते कामाला जुंपलेलं असतं. तुमच्याच पुस्तकातली दिलीप चित्रे यांची, रात्रीच्या गाडीने घरी परतणाऱ्या वडिलांवरची कविता घ्या. मुलांना आधी सांगा की हा कवी आपला आहे. तो मराठीत लिहायचा, इंग्रजीतही लिहायचा, आणि तुकोबांचे अभंग त्याने इंग्रजीत नेले. हे कळल्यावर मुलं जरा सरसावून बसतात, हा माझा अनुभव आहे.

मग पहिल्याच ओळीतलं क्रियापद फळ्यावर लिहा. ‘ट्रॅव्हल्स’. शेवटच्या ‘स’खाली रेघ मारा. हाच तो ‘स’, जो आपली मुलं पेपरात हमखास गाळतात. विचारा, इथे ‘ट्रॅव्हल्ड’ केलं तर काय बिघडेल? पहिल्यांदा कुणी उत्तर देणार नाही. थांबा. मग सांगा, दोन्ही वाक्यं मराठीत करा. ‘बाबा रात्रीच्या गाडीने आले.’ ‘बाबा रात्रीच्या गाडीने येतात.’ पहिलं वाक्य एका रात्रीचं झालं. दुसरं रोजचं: रोज तीच गाडी, तोच पिवळा उजेड, तसंच उभं राहून येणं. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका ‘स’वर उभं आहे. माझ्या वर्गात हे झालं त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मॅडम, हा ‘स’ गाळला तर बापाची रोजची दगदगच गाळली.” नंतरच्या पेपरात त्याचा ‘स’ गळलेला मी पाहिला नाही.

त्याच कवितेत एक उपमा आहे. लांबलचक वाक्यातून एखादा शब्द गळून पडावा तसे वडील गाडीतून उतरतात. व्याकरणाच्या तासाला याहून चांगलं साहित्य मिळणार नाही. फळ्यावर दहा-बारा शब्दांचं एक इंग्रजी वाक्य लिहा आणि मुलांना एकेक शब्द पुसायला बोलवा. क्रियापद पुसलं की वाक्य कोसळतं. कर्ता पुसला की लंगडतं. विशेषण पुसलं तर वाक्य तसंच पुढे जातं, कुणाला पत्ताही लागत नाही. मग विचारा, कवितेतले वडील यांपैकी कोणता शब्द? तो गळल्यावर गाडी थांबते का? घरी पोचल्यावर त्यांच्या वाट्याला पाणचट चहा आणि शिळी चपाती येते, मुलं त्यांच्याशी धड बोलत नाहीत. घरातल्या वाक्यातूनही तो शब्द गळलेलाच आहे. इथवर मुलं आपली आपण येतात. शब्दांच्या जाती, उपमा, कवितेचा आशय आणि रसग्रहणातला ‘तुमचं मत’ हा मुद्दा, सगळं एका तासात, आणि पाठांतर कशाचंच नाही.

उपमेवरून आठवलं. अलंकार नव्याने शिकवू नका. शाळेच्या मराठीत ही मुलं उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती शिकून आलेली आहेत. ‘सिमिली’ म्हणजे उपमा आणि ‘पर्सोनिफिकेशन’ म्हणजे चेतनगुणोक्ती एवढा धागा जोडून दिला की पुरतं. मराठीत ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ शोधायचे, इथे ‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’.

व्याकरणाबद्दल माझं ठाम मत आहे: आपल्या मुलांच्या चुका अडाणीपणाच्या नसतात. त्या मराठीच्या असतात. मूल वाक्य मराठीतून बांधतं, आणि मराठीचा जोड जिथे उघडा पडतो तिथे चूक होते. तो जोड दाखवला की नियम पाठ करायची गरज फार उरत नाही.

‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य तुम्हाला शंभरदा भेटलं असेल. मूल ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ म्हणतंय. मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२२पासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’, म्हणून इंग्रजीतही तो दोन्हीकडे ‘सिन्स’ लावतो. आता त्याला मराठीतच एक गंमत दाखवा. ‘पासून’ काढून ‘गेली’ लावून बघ. ‘गेली दोन वर्षं मी इथे राहतो’ हे जमतं. ‘गेली २०२२ मी इथे राहतो’ हे कुणी म्हणेल का? जिथे ‘गेली’ किंवा ‘गेले’ बसतं तिथे ‘फॉर’, नाही बसत तिथे ‘सिन्स’. कसोटी मराठीच्या कानाची आहे, आणि तो कान त्यांचा पक्का आहे. राहिलं क्रियापद. मराठीला ‘राहतो’ पुरतं. इंग्रजीला मागची दोन वर्षं क्रियापदातही दाखवावी लागतात, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’.

‘अनलेस’चं दुखणं आपणच, शिक्षकांनी, लावलेलं आहे. आपण अर्थ सांगतो ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’. मूल त्यातला ‘नाही’ प्रामाणिकपणे इंग्रजीत नेतं आणि लिहितं ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’. त्याऐवजी अर्थ ‘शिवाय’ सांगा. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.’ ‘केल्याशिवाय’मध्ये ‘नाही’ शब्द नाही, पण नकार पोटात आहे. ‘अनलेस’चंही नेमकं तसंच. एवढा एक शब्द बदला आणि पुढच्या चाचणीत फरक बघा.

तुमचं ‘नो सूनर’. नियम तोंडपाठ असून वाक्य का चुकतं? कारण नियम म्हणजे त्यांच्यासाठी तीन सुटे तुकडे आहेत: ‘नो सूनर’, ‘डिड’, ‘दॅन’. त्यांचा एकमेकांशी संबंध कुणी सांगितलेला नसतो. आधी मराठी वाक्य घ्या: ‘घंटा वाजते न वाजते तोच मुलं बाहेर पळाली.’ हे ऐकल्यावर अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मग ‘सूनर’ शब्दाकडे वळा. ‘सून’ म्हणजे लवकर, ‘सूनर’ म्हणजे अधिक लवकर. तुलना आली. तुलना आली की ‘दॅन’ येणारच, जसा ‘टॉलर’नंतर येतो. इथे ‘व्हेन’ लिहिणारी मुलं पुन्हा ते लिहीत नाहीत. आणि नकार वाक्याच्या तोंडाशी बसला की इंग्रजी वाक्य प्रश्नासारखं वळतं, म्हणून कर्त्याच्या आधी ‘डिड’. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, म्हणून ‘रँग’चं पुन्हा ‘रिंग’. नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट. हे तुम्ही सांगितल्यावर लगेच दोन मुलांना उभं करा आणि ‘असं का’ हे त्यांना सांगायला लावा. वाक्य तयार करायला नंतर. कारण सांगता आलं तरच ते त्याचं झालं.

प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनात मुलं काळ बदलायला विसरतात, कारण मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असंच म्हणतात. आपला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे नेतो. इंग्रजीत निरोप पोचवणारा स्वतःच्या जागेवरून आणि स्वतःच्या वेळेवरून बोलतो. वर्गात निरोप्याचा खेळ करा. एकाने सोमवारी सांगितलेलं दुसऱ्याने बुधवारी तिसऱ्याला सांगायचं. ‘उद्या’ आता उद्या राहिला का, ‘मी’ कोण झाला, हे मुलं हसत हसत ओळखतात.

एक सूचना या सगळ्याला लागू आहे. ‘आज फक्त पॅसिव्ह’, ‘उद्या फक्त इनडायरेक्ट’ असे तास आता घेऊ नका. अशा तासाला मुलाला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं. कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या पेपरात, मात्र प्रत्येक वाक्य वेगळं असतं आणि आधी ओळखावं लागतं. रोज पाच वाक्यं, पाच जातींची, मिसळून. शक्य तितकी त्या दिवशीच्या कवितेतून किंवा पाठातून बनवलेली.

आता ती मुलगी. तिच्याबद्दल वाचून मला वाईट वाटलं, पण तिने परकी कविता इतकी बिनचूक लिहिली याचा अर्थ तिने किती कष्ट केलेत ते बघा. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. तिला कुणी कवितेजवळ नेलेलंच नाही. रसग्रहणाला ४ गुण आहेत आणि मुद्दे ठरलेले: कवी आणि शीर्षक, विषय, भाषा आणि अलंकार, संदेश, तुमचं मत. गाईडमध्ये सगळ्या कवितांची रसग्रहणं याच साच्यातून काढलेली असतात, म्हणून ती पाठ करताना एकमेकांत मिसळतात. साचा सारखा, त्यामुळे डोक्यात खूण राहत नाही.

प्रत्येक कवितेला अशी एक खूण द्या, जी दुसरीला लागूच पडणार नाही. घंटेच्या कवितेत गोष्ट आहे: खडकावर मठाधिपतीने बांधलेली घंटा, ती कापून टाकणारा समुद्री चाचा, आणि शेवटी घंटा नाही म्हणून त्याच खडकावर फुटणारं त्याचंच जहाज. ही गोष्ट मुलांना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा. जहाज का फुटलं? घंटा का नव्हती? कुणी कापली? का? पाठांतर उलटं म्हणता येत नाही; समजलेली गोष्ट येते. तो खडक स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ खरोखर आहे आणि १८११ पासून त्यावर दीपगृह आहे, हेही सांगा.

विणकरांची कविता तर तुमच्या गावची आहे म्हणा ना. सरोजिनी नायडूंनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली, हातमागाच्या काळात. पहाटे बाळासाठी निळं वस्त्र, संध्याकाळी नवरीसाठी मोरपंखी ओढणी, चांदण्यात पांढरं कफन. तीन कडवी, तीन वेळा, तीन रंग, आणि तिन्हींत एकेक उपमा पाखराच्या पंखाशी किंवा पिसांशी जोडलेली. हे कोष्टक तुम्ही फळ्यावर काढू नका. ज्यांच्या घरी माग आहे त्या मुलांना पुढे बोलवा आणि धोटा कसा जातो, ताणा कसा बसतो, पाळी किती तासांची असते ते आधी सांगू द्या. मी ही कविता एकदा विणकर वस्तीतल्या मुलांना शिकवत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, “पहाटेपण विणतात, संध्याकाळीपण आणि रात्रीपण. मग झोपतात कधी?” तिचे वडील रात्रपाळीला जायचे. मी तिला म्हटलं, हे वाक्य इंग्रजीत कर आणि ‘तुमचं मत’ या मुद्द्याखाली लिही. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं, आम्ही दोघींनी मिळून ते नीट केलं. कवयित्रीने विणकरांना जन्म-मरणाचे साक्षीदार केलं, पण त्यांचा थकवा कवितेत नाही, असा त्याचा सूर होता. इतकं चांगलं मत मला कुठल्याच गाईडमध्ये सापडलेलं नाही.

कादंबरीच्या भागाबद्दल फार लिहीत नाही. तिथे मुलांना गोष्ट आवडते, अडचण येते ती पात्रांच्या नावांची. प्रत्येक उताऱ्यातल्या पात्रांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, दोन चिठ्ठ्या उचलून त्यांचं नातं एका वाक्यात सांगायला लावा. आठवड्यातून एक तास पुरे.

प्राचार्यांशी वाद घालू नका. अपेक्षित प्रश्नसंच आणा, त्यातले प्रश्न वापरा आणि उत्तरांची पानं सुरुवातीला बंद ठेवा. मुलांनी आधी आपलं उत्तर लिहायचं, मग संचातलं उघडून आपल्यात काय राहिलं आणि संचात काय राहिलं हे दोन्ही बघायचं. दर शनिवारी न सांगता छोटी चाचणी घ्या आणि त्या कागदांचे गठ्ठे तारखा घालून कपाटात ठेवा. तीन आठवड्यांनी पहिला आणि चौथा गठ्ठा घेऊन प्राचार्यांकडे जा. त्यांना निकाल हवा आहे, तो त्यांना तिथे दिसेल. रात्रपाळीवरून येणाऱ्या मुलांना घरी अभ्यास देऊ नका. त्यांचं जे होईल ते वर्गातच होईल, म्हणून ती पहिली दहा मिनिटं कुठल्याही कारणाने बुडवू नका.

आणि सोमवारी त्या मुलीला एकटीला बोलवा. तिने लिहिलेलं घंटेचं रसग्रहण चांगलं होतं हे आधी सांगा, कारण ते खरं आहे. मग विणकरांची कविता तिच्या हातात द्या आणि विचारा, यातलं कोणतं कापड तुझ्या घरी आहे? ती बोलायला लागली की तुम्ही फक्त ऐका, आणि ती थांबली की कागद पुढे करा. तिने काय लिहिलं ते मला जरूर कळवा. मी वाट बघते आहे.